नकार आणि कारण : घर, काम व सार्वजनिक स्थळे यांतील भेदभावाविरुद्ध कायद्याचे संरक्षण

सारांश : भारतीय राज्यघटनेने समतेचा हक्क दिला. मात्र नागरिकाला भेदभावाचा अनुभव बहुधा शासनाकडून येत नाही. तो घरमालक, गृहनिर्माण संस्था, खासगी नियोक्ता किंवा दुकानदार यांच्याकडून येतो. प्रस्तुत लेखात सार्वजनिक स्थळे, रोजगार आणि निवास या तीन क्षेत्रांत भेदभावाविरुद्ध कोणते कायदेशीर संरक्षण उपलब्ध आहे, ते कोणाला बंधनकारक आहे आणि नकारामागील कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर येते, या तीन प्रश्नांच्या आधारे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : समता, अस्पृश्यता निवारण, सार्वजनिक स्थळे, रोजगार, गृहनिर्माण संस्था, शाबितीची जबाबदारी.

१. प्रस्तावना

इ. स. १९१७ मध्ये परदेशातील उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. आपली ओळख लपवून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यांनी एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मागितला, परंतु दोघांनीही आपापल्या अडचणी सांगून असमर्थता दर्शविली. अखेरीस एका सार्वजनिक बागेत वेळ काढून ते मुंबईस परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत नमूद केला आहे.

या एका प्रसंगात प्रस्तुत विषयाची तिन्ही अंगे एकत्र आली आहेत. नोकरी होती, पण ती करण्यासाठी निवारा नव्हता. शहरात उरलेले स्थान केवळ सार्वजनिक बागेचे होते. आणि ज्यांनी नकार दिला त्यांपैकी कोणीही 'शासन' नव्हते. घर, काम आणि सार्वजनिक स्थळ हे तीन हक्क कायद्याच्या पुस्तकात वेगवेगळ्या कलमांत विखुरलेले असले तरी माणसाच्या आयुष्यात ते परस्परांवर अवलंबून असतात, हे यावरून स्पष्ट होते.

आज या तिन्ही क्षेत्रांसाठी कायदे आहेत. मात्र त्यांचे बळ सारखे नाही. हे बळ मोजण्यासाठी तीन प्रश्न उपयुक्त ठरतात. कायदा कोणावर बंधनकारक आहे, केवळ शासनावर की खासगी व्यक्तीवरही? भेदभावाचे कोणते आधार त्यात निषिद्ध मानले आहेत? आणि नकारामागचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, नाकारणाऱ्याची की नाकारलेल्याची? यांपैकी तिसरा प्रश्न सर्वसाधारण चर्चेत दुर्लक्षित राहतो. प्रत्यक्षात हक्काचे भवितव्य बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

२. घटनापूर्व पार्श्वभूमी : चवदार तळ्याचा दावा

सार्वजनिक स्थळांवरील समान हक्काचा कायदेशीर इतिहास महाराष्ट्रात घडला आहे. रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तथापि ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, ते या कागदी हक्काला प्रत्यक्षात आणण्यासाठी.

त्यानंतर जे घडले ते कायद्याच्या अभ्यासकाला अधिक बोधप्रद आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडमधील काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला. तळे केवळ स्पृश्यांच्या वहिवाटीचे असून अस्पृश्यांना तेथे जाण्याचा हक्क नाही, असे जाहीर करावे व त्यांना कायमची मनाई करावी, अशी मागणी त्यात होती. दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेच्या मालकीचे असल्याचे मान्य झाले आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

या निकालाचे मर्म नीट लक्षात घेतले पाहिजे. न्यायालयाने समतेचे तत्त्व उद्घोषित केले नव्हते. तशी घटनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. निकाल लागला तो शाबितीच्या जबाबदारीवर. वगळण्याचा अधिकार जे सांगत होते, त्यांनीच तो सिद्ध करावयाचा होता, आणि ते त्यांना जमले नाही. ही जबाबदारी जर प्रतिवादींवर असती, म्हणजे पाणी घेण्याचा पूर्वापार हक्क अस्पृश्यांनी सिद्ध करावयाचा असता, तर निकाल कदाचित विरुद्ध लागला असता.

३. राज्यघटनेची चौकट

राज्यघटनेचा अनुच्छेद १४ कायद्यापुढे समानता देतो. अनुच्छेद १५ चा पहिला खंड धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांच्या आधारे भेदभाव करण्यास शासनाला मनाई करतो. अनुच्छेद १६ सार्वजनिक नोकऱ्यांत समान संधीची हमी देतो. या तरतुदींचा रोख शासनावर आहे. खासगी व्यक्तीने केलेला भेदभाव त्यांच्या कक्षेत थेट येत नाही.

याला दोन ठळक अपवाद आहेत. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाबाबत, तसेच पूर्णतः वा अंशतः शासकीय निधीतून राखलेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आदींच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालण्यास मनाई करतो. येथे 'शासन' हा शब्द नाही. म्हणून ही तरतूद दुकानदारालाही बांधते. दुसरा अपवाद अनुच्छेद १७ चा आहे. त्याने अस्पृश्यता नष्ट केली असून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले आहे.

संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या मसुद्यावर चर्चा झाली. तेव्हा 'दुकान' या शब्दात धोबी, नाभिक यांची सेवा येते काय, अशी शंका सदस्यांनी उपस्थित केली. डॉ. आंबेडकरांनी उत्तरात स्पष्ट केले, की हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे आणि मोबदला घेऊन जनतेला सेवा देणारा कोणीही त्यात येतो. सहा दशकांनंतर, २०११ मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच स्पष्टीकरणाचा आधार घेतला आणि खासगी शिक्षणसंस्थाही या खंडाच्या कक्षेत येतात असे मत व्यक्त केले. खासगी महाविद्यालयांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

तत्पूर्वी १९८२ मध्ये, एशियाड प्रकल्पांवरील मजुरांच्या प्रकरणात, मूलभूत हक्कांपैकी काही खासगी व्यक्तींविरुद्धही अंमलात आणता येतात आणि ते अंमलात आणणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले होते. २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने हे तत्त्व अनुच्छेद १९ व २१ पर्यंत विस्तारले. खासगी भेदभाव हा घटनेच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, असे आता सरसकट म्हणता येणार नाही.

४. सार्वजनिक स्थळे : सर्वांत बळकट संरक्षण

अनुच्छेद १७ ला दात देण्यासाठी संसदेने १९५५ मध्ये अस्पृश्यता (अपराध) अधिनियम केला. १९७६ च्या दुरुस्तीने त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. त्याच्या कलम ३ मध्ये धार्मिक स्थळे, कलम ४ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, पाणवठे, स्मशानभूमी, वाहने, व्यवसाय व निवास, कलम ५ मध्ये रुग्णालये, शिक्षणसंस्था व वसतिगृहे, तर कलम ६ मध्ये माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार यांचा समावेश आहे. हे अपराध दखलपात्र आहेत.

या अधिनियमातील कलम १२ विशेष उल्लेखनीय आहे. या कायद्याखालील अपराध ठरणारी कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडली असल्यास ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडली, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. तसे नव्हते हे सिद्ध करणे आरोपीचे काम आहे. महाडच्या दाव्यात दिवाणी कायद्याच्या योगायोगाने जे घडले, ते येथे कायदेमंडळाने जाणीवपूर्वक घडवून आणले. नकार देणाऱ्याच्या मनातील हेतू फिर्यादीने कसा सिद्ध करावा, या अवघड प्रश्नावरील हे उत्तर आहे. कूपनलिकेवर पाणी भरण्यास मनाई केल्याच्या कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये आरोपींची दोषसिद्धी कायम केली. त्या निर्णयात अस्पृश्यतेच्या सामाजिक आशयाची सविस्तर मीमांसा आढळते.

१९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाने शिक्षा अधिक कठोर केल्या. त्यातील २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. सामायिक पाणवठे, स्मशानभूमी, रस्ते, दुकाने, रुग्णालये, शिक्षणसंस्था व धार्मिक स्थळे यांच्या वापरास अडथळा आणणे, तसेच सामाजिक व आर्थिक बहिष्कार टाकणे यांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद त्यासाठी आहे.

महाराष्ट्राने या विषयात स्वतंत्र भर घातली आहे. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध राज्याने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम संमत केला व तो जुलै २०१७ पासून अंमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. बहिष्कार टाकणारे व सोसणारे एकाच जातीचे असतील तर अत्याचार प्रतिबंध अधिनियम लागू पडत नाही. ही उणीव या कायद्याने भरून काढली. हिंदू सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशासंबंधीचा राज्याचा १९५६ चा अधिनियम जातिनिर्बंध दूर करण्यासाठी झाला होता. विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये त्याच अधिनियमाच्या आधारे स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या हक्काचे रक्षण करण्याचे निर्देश शासनाला दिले. साठ वर्षे अस्तित्वात असलेला कायदा योग्य प्रश्न विचारला जाताच कसा उपयोगी पडतो, याचे हे उदाहरण होय.

सार्वजनिक स्थळ केवळ मनाईनेच बंद होते असे नाही. पायऱ्यांनीही ते बंद होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने वाजवी सोयी नाकारणे हादेखील भेदभावच ठरविला. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्यातील एका परिषदेसाठी निघालेल्या जीजा घोष यांना त्यांच्या दिव्यांगत्वामुळे विमानातून उतरविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई मंजूर केली व दिव्यांग प्रवाशाच्या प्रतिष्ठेचा विचार केंद्रस्थानी आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात त्याच न्यायालयाने असे ठरविले, की सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवणे अधिनियमाशी विसंगत आहे आणि शासनाने त्यांतील किमान मानके बंधनकारक केली पाहिजेत.

५. रोजगार : अंशतः संरक्षण

शासकीय नोकरीत अनुच्छेद १४ व १६ चे पूर्ण संरक्षण मिळते. एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा या १९८१ च्या खटल्यात पहिल्या गर्भारपणानंतर हवाई सुंदरीची सेवा संपुष्टात आणणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने मनमानी म्हणून रद्द केला. सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट मात्र त्याच निर्णयात वैध ठरली. समतेचा विचार न्यायालयातही टप्प्याटप्प्यानेच पुढे सरकतो, हे यावरून दिसते.

खासगी नोकरीचे चित्र निराळे आहे. तेथे संरक्षण विशिष्ट आधारांपुरते, वेगवेगळ्या कायद्यांतून मिळते. लिंगाधारित वेतनभेदाविरुद्ध १९७६ चा समान मोबदला अधिनियम होता. मुंबईतील एका खासगी कंपनीतील महिला स्टेनोग्राफरांना पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन मिळत असल्याच्या ऑड्रे डिकॉस्टा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कर्मचारी महिलेच्या बाजूने निर्णय दिला आणि कंपनीची आर्थिक स्थिती ही असमान वेतनाची सबब होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अंमलात आली असून सदर अधिनियम तीत विलीन झाला आहे. या संहितेचे कलम ३ वेतन व भरती यांत लिंगाधारित भेदभावास मनाई करते.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळास सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निर्णयात समतेच्या हक्काचा भंग मानले व मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ च्या अधिनियमाने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती आवश्यक केली. गोव्यातील एका विद्यापीठीय प्रकरणातून उद्भवलेल्या अपिलात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांची नोंद घेऊन देशव्यापी निर्देश दिले.

आरोग्यस्थितीच्या आधारे होणाऱ्या भेदभावाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निर्णय पथदर्शक ठरला. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी कामगारास एचआयव्हीबाधित असल्याच्या कारणावरून काम नाकारण्यात आले होते. जोपर्यंत व्यक्ती काम करण्यास सक्षम आहे आणि इतरांना धोका नाही, तोपर्यंत केवळ या कारणावरून तिला काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. याच विचाराचे पुढे २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमात कायद्यात रूपांतर झाले. तृतीयपंथी व्यक्तींना २०१४ च्या नाल्सा निर्णयाने घटनात्मक ओळख दिली, तर २०१९ च्या अधिनियमाने शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा व निवास यांत त्यांच्याविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई केली. दिव्यांगांसाठी २०१६ च्या अधिनियमाने खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करण्यास सांगितले.

येथे मोठी पोकळी राहते. खासगी आस्थापनेने एखाद्या उमेदवाराला धर्माच्या कारणावरून मुलाखतीलाच बोलावले नाही, तर त्यास थेट लागू पडेल असा सर्वसाधारण कायदा नाही. जातीच्या बाबतीत वर उल्लेखिलेल्या दोन फौजदारी अधिनियमांचा आधार घेता येतो, परंतु तो अनुसूचित जाती व जमातींपुरता. शिवाय फौजदारी कायदा अपराध्यास शिक्षा देतो, उमेदवारास नोकरी देत नाही.

भेदभावाचे दुसरे रूप अधिक सूक्ष्म असते. नियम सर्वांना सारखा, पण त्याचा भार एकाच गटावर पडतो. यास अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज प्रकरणात ही संकल्पना मान्य केली. भारतात मार्च २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितीशा प्रकरणात, सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी नियुक्तीच्या निकषांसंदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने ती स्पष्टपणे स्वीकारली. हेतू निर्मळ असला तरी परिणाम विषम असू शकतो, हे तत्त्व त्यामुळे भारतीय कायद्यात रुजले.

६. निवास : सर्वांत दुबळे संरक्षण

अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहीर आहे, रस्ता आहे, उपाहारगृह आहे; भाड्याचे घर नाही. घटनाकारांसमोरचे लढे पाणवठ्यांचे, मंदिरांचे व रस्त्यांचे होते. घराचा व्यवहार हा दोन व्यक्तींतील करार मानला गेला. कराराच्या स्वातंत्र्यात नकाराचे स्वातंत्र्यही येते आणि नकाराला कारण द्यावे लागत नाही.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निर्णय झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी प्रकरणातील, एप्रिल २००५ चा आहे. अहमदाबादेतील या संस्थेच्या उपविधीनुसार सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित होते. एका सभासदास आपली मालमत्ता समाजाबाहेरील व्यक्तीस विकावयाची होती. निबंधक व गुजरात उच्च न्यायालय यांनी हा निर्बंध अग्राह्य मानला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो वैध ठरविला. संस्था स्थापन करण्याचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे; सभासद स्वेच्छेने उपविधी स्वीकारतो; आणि सार्वजनिक धोरणाविरुद्ध काय हे सहकार कायद्याच्या चौकटीतच शोधले पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कायदा बदलावयाचा असल्यास ते काम विधिमंडळाचे आहे, असेही सूचित केले.

या निर्णयाच्या दोन बाजू आहेत. लहान अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती व संस्कृती टिकवावीशी वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु हेच तत्त्व संख्येने व संपत्तीने प्रबळ असलेल्या गटाने वापरल्यास संपूर्ण शहर टप्प्याटप्प्याने विभागले जाते. तेव्हा 'संस्था स्थापण्याचे स्वातंत्र्य' हे वगळण्याचे साधन बनते. संरक्षण आणि वर्जन यांतील ही रेषा कोठे ओढावी, हे कायद्याने अद्याप ठरविलेले नाही.

तरीही निवासाच्या क्षेत्रात कायदा पूर्णतः मूक आहे, असा समज चुकीचा ठरेल. नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, संपादन करणे वा तेथे राहणे यांस अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा आणणे हा अपराध आहे. कलम ७ मधील बहिष्काराच्या व्याख्येत घर वा जमीन भाड्याने देण्यास नकार देण्याचा अंतर्भाव आहे. कलम १२ चे गृहीतक येथेही लागू पडते. एचआयव्हीविषयक २०१७ च्या व तृतीयपंथी व्यक्तींविषयक २०१९ च्या अधिनियमांत घर विकत घेणे, भाड्याने घेणे व त्यात राहणे या हक्कांचा स्वतंत्र उल्लेख आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने खुल्या सभासदत्वाचे तत्त्व स्वीकारले असून पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. नकाराची कारणे कळविणे आवश्यक आहे आणि त्याविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. सहकार कायद्यातील ही साधी तरतूद मौलिक आहे, कारण ती नकाराला बोलावयास भाग पाडते.

धर्म, आहार, वैवाहिक स्थिती किंवा प्रांत यांच्या आधारे भाडेकरूस खासगी मालकाने दिलेला नकार मात्र बहुतांशी कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. 'जागा आधीच दिली आहे' असे दलालाने दूरध्वनीवर सांगितले की विषय संपतो. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक स्थळे व रोजगार यांना संरक्षण दिले. घरांसाठी मात्र १९६८ चा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तोही डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात अंमलात आला. ब्रिटनने २०१० च्या समता अधिनियमात विखुरलेले कायदे एकत्र केले. घराचा दरवाजा सर्वांत शेवटी उघडतो, हा अनुभव केवळ भारताचा नाही.

भारतातही सर्वसमावेशक कायद्याचा विचार झाला आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली व त्यावर माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये अहवाल दिला. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये लोकसभेत भेदभावविरोधी व समता विधेयक खासगी विधेयक म्हणून मांडले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

७. महाविद्यालयांच्या संदर्भात

महाविद्यालयीन क्षेत्रात ही तिन्ही अंगे एकत्र नांदतात. महाविद्यालय हे प्राध्यापक व कर्मचाऱ्यांचे कामाचे ठिकाण आहे, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सार्वजनिक स्थळ आहे आणि वसतिगृह असल्यास निवासही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनी समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. अशा व्यवस्था केवळ मूल्यांकनाच्या कागदपत्रांपुरत्या राहिल्यास महाड नगरपालिकेच्या १९२४ च्या ठरावासारखीच त्यांची गत होते.

बाहेरगावाहून आलेला विद्यार्थी पहिल्यांदा नकार अनुभवतो तो बहुधा महाविद्यालयाच्या परिसरातील खोलीच्या दारात. आडनाव विचारले जाते, आहार विचारला जातो, आणि संभाषण थांबते. हा विद्यार्थी तक्रार करीत नाही, कारण सिद्ध करण्याजोगे काही त्याच्या हाती नसते. त्याला रोज दूरवरून प्रवास करावा लागतो वा शिक्षण सोडावे लागते. हजेरीपटावर मात्र त्याची नोंद 'अनुपस्थित' एवढीच होते. वसतिगृहाच्या प्रवेशाचे निकष लेखी जाहीर करणे, नाकारलेल्या अर्जावर कारण नोंदविणे, खोल्यांची यादी ठेवताना कोणालाही न वगळणाऱ्या मालकांनाच तीत स्थान देणे आणि उपलब्ध कायद्यांची माहिती प्रवेशाच्या वेळीच देणे, या गोष्टी कोणत्याही नव्या कायद्यावाचून शक्य आहेत.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. सार्वजनिक स्थळांच्या बाबतीत घटना थेट खासगी व्यक्तीस बांधते आणि अनुसूचित जातींच्या संदर्भात शाबितीची जबाबदारीही नकार देणाऱ्यावर येते. म्हणून तेथील संरक्षण सर्वांत बळकट आहे. रोजगारात लिंग, दिव्यांगत्व, एचआयव्ही व लैंगिक ओळख यांच्या आधारे संरक्षण आहे, परंतु खासगी क्षेत्रात धर्म व प्रांत यांविषयी कायदा जवळजवळ मौन बाळगतो. निवासाच्या क्षेत्रात तुटक तरतुदी असून सर्वसाधारण हक्क नाही, आणि २००५ च्या निर्णयाने तो निर्माण करण्याचे उत्तरदायित्व विधिमंडळाकडे सोपविले आहे.

या तफावतीचे मूळ शाबितीच्या प्रश्नात आहे. ज्याला नाकारले त्याच्याजवळ नकाराखेरीज दुसरा पुरावा नसतो. कारण असते ते नाकारणाऱ्याच्या मनात. म्हणून कोणताही भावी कायदा केवळ आधारांची यादी वाढवून प्रभावी होणार नाही. नकाराचे कारण लेखी मागण्याचा हक्क आणि प्रथमदर्शनी भेदभाव दिसल्यास स्पष्टीकरण देण्याची नाकारणाऱ्याची जबाबदारी, हे त्याचे दोन आवश्यक घटक असले पाहिजेत. १९३७ मध्ये महाडच्या तळ्यावरचा हक्क टिकला, कारण वगळू पाहणाऱ्यांना न्यायालयाने पुरावा मागितला आणि तो त्यांच्याजवळ नव्हता. तोच प्रश्न भाड्याच्या घराच्या दाराशी विचारण्याचा अधिकार नागरिकाला अद्याप मिळावयाचा आहे.